मोटारीला ऑटो टाकू का?

लाईट गेली की मी मोजायला लागतो. एक, दोन, तीन... निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. घरात जनरेटर नाही, साधा इन्व्हर्टर आहे. तरी तोंडातल्या तोंडात मोजणं काही सुटत नाही. विसाच्या पुढं गेलो की घास हातातच राहतो. बायको म्हणते, "आवं, जेवा की गुमान. तुमचा जनरेटर न्हाई त्यो." तिचं खरं आहे. पण जनरेटर माझा नसला की मला जास्तच भीती वाटते, हे तिला कसं सांगू?

ह्या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "जाधवसाहेब, धंद्यातल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात." गमती पुष्कळ आहेत. पण एक गोष्ट अशी आहे की ती पोटात ठेवून नुसत्या गमती लिहिल्या तर मी लबाड ठरेन. तेव्हा एखादी गंमत सांगतो आणि मग त्या गोष्टीकडं वळतो.

माझं काम काय, ते आधी सांगतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मी डिझेल जनरेटरची मापं काढत फिरलो. शिंपी जसा अंगाचं माप घेतो तसं मी इमारतीचं घ्यायचो. दिवे किती, पंखे किती, एसी किती, मोटारी किती, ह्यातलं एका वेळी काय चालणार आणि कोण कोणाच्या आधी चालू होणार, हे विचारायचं. त्यावरून एक आकडा काढायचा. तो आकडा केव्हीएत असतो. केव्हीए म्हणजे जनरेटरची ताकद, एवढं समजलं तरी बास.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "किती केव्हीएचा घेऊ?"

"काय काय चालवायचंय?"

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

"आवं, सगळं म्हंजे सगळं! लाईट जाऊ ने बघा."

ह्या 'सगळं'नं माझ्या डोक्यावरचे केस घालवले. दिव्याचं सोपं असतं, तो जेवढा खातो तेवढाच खातो. खोड असते ती मोटारीची. भरलेली उसाची गाडी जाग्यावरनं हलवायला बैलाला जो जोर लागतो तो चालत्या गाडीला लागत नाही. मोटारीचंही तसंच. चालू होताना ती नेहमीच्या पाच-सहापट ओढते, आणि एकदा फिरायला लागली की शहाण्यासारखी वागते. ते दोन-चार क्षण जनरेटरला झेपले पाहिजेत. नाही झेपले तर दिवे मंद होतात, जनरेटर गुरगुरतो आणि स्विच पडतो.

मग मोठाच घ्यावा की! असं सगळ्यांनाच वाटतं. उंब्रजच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकाला मी चाळीस सांगितला. त्याच्या चुलतभावाच्या कार्यालयात बासष्टचा होता, म्हणून ह्यानं दुसरीकडून साडेब्याऐंशीचा आणला. वर्षभरात त्याचा फोन. "जाधव, जनरेटर रडतोय रं. सायलेन्सरमधनं काळं तेल गळतंय." मोठ्या इंजिनाला पोटभर काम दिलं नाही तर त्यात डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते, आणि अर्धवट जळालेलं असं बाहेर पाझरतं. मी म्हटलं, "त्याला काम द्या. शेजारी चुलतभावाचं कार्यालय आहे, लाईट गेली की त्यालाही वायर टाका." तो म्हणाला, "भावकीला लाईट देऊ? त्यापरीस रडू दे त्येला!" तो जनरेटर अजून रडतोय म्हणतात.

अशा लोकांत नेमका आकडा सांगणारा म्हणून माझं नाव झालं. 'जाधवांनी तीस म्हटलं की तीस, एकतीस न्हाई.' हे ऐकायला मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू? पुढचं सगळं त्या आवडण्यातूनच झालं.

जत तालुक्यातल्या एका मोठ्या गावात एका तरुण डॉक्टरनं बाळंतपणाचा आणि नवजात मुलांचा दवाखाना काढला होता. दोन मजले, ऑपरेशनची खोली, आणि काचेच्या दाराआड अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी चार वॉर्मर. वॉर्मर म्हणजे वरून ऊब देणारा पाळणा. दीड-दोन किलोच्या जिवाला स्वतःची ऊब धरता येत नाही, ती त्या पाळण्यातून मिळते. डॉक्टरनं मला तिथं नेऊन उभं केलं आणि म्हणाला, "जाधवसाहेब, बाकी दवाखाना अंधारात राहिला तरी चालेल. ही खोली नाही."

त्याला बासष्टचा घ्यायचा होता, कारण तालुक्यात दुसऱ्या कुणीतरी तेवढा घेतला होता. मी दोन दिवस बसून माप काढलं. वॉर्मर, एसी, उपकरणं उकळायचं भांडं, दिवे, पंखे, सगळं धरून तीसच्या आत बसत होतं. राहिली होती बोअरची मोटार. दहा हॉर्सपॉवरची. त्या भागात पाणी पाताळात, त्यामुळं मोटारीही दांडग्या. ती धरली असती तर आकडा दुपटीच्या वर गेला असता. मी विचारलं, "मोटार जनरेटरवर चालवायची गरज आहे का? वर टाकी मोठी आहे." डॉक्टर म्हणाला, "नाही. लाईट असताना हातानं चालू करतात."

हातानं! मग प्रश्नच मिटला. मी मोटार यादीतून खोडली. तिची वायर जनरेटरच्या वाटेतून बाजूला काढून घ्या, असं तिथल्या वायरमनला सांगितलं. तो 'करतो की' म्हणाला आणि केलं नाही. मीही परत विचारलं नाही. मोटार हातानं चालू होते ना, मग घाई कसली?

ती ज्यांच्या हातानं चालू व्हायची ते डॉक्टरचे वडील, अण्णा. धोतर, बंडी, पायात कर्रकर्र वाजणाऱ्या वहाणा. चाळीस वर्षं त्यांनी कोरडवाहू जमिनीत पाणी शोधण्यात घालवली होती. मुलगा डॉक्टर झाल्यावर त्यांना शेतावरून दवाखान्यात आणलं. तिथं त्यांना काही काम नव्हतं, म्हणून त्यांनी पाणी धरलं. दवाखान्यामागच्या भिंतीवर मोटारीच्या स्टार्टरची लोखंडी पेटी होती, तिला कुलूप होतं आणि किल्ली अण्णांच्या बंडीच्या खिशात. "दवाखान्यात माझं येकच खातं, साहेब," ते मला म्हणाले होते, "पाणी. उन्हाळ्यात सगळ्या गावात टँकर फिरतो, पर बाळंतिणीला हितं ऊन पाणी मिळतंय. त्ये माझं." जनरेटर आला त्या दिवशी त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं, "साहेबांनी नेमका मापून दिलाय. तीस म्हंजी तीस!"

वर्षभर जनरेटर घड्याळासारखा चालला. लाईट गेली की दहाव्या सेकंदाला सुरू. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या वर्षाच्या तपासणीला मेकॅनिकबरोबर मीही गेलो. गरज नव्हती, पण आपल्या हातचं नीट चाललेलं बघायला बरं वाटतं. तेल, फिल्टर, बॅटरी, सगळं ठीक निघालं. मी निघायच्या घाईत होतो, एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात फोन, फोनवर सांगलीचं दुसरं गिऱ्हाईक ओरडत होतं. तेवढ्यात अण्णा जवळ आले.

"साहेब, बोअरचं पाणी खाली गेलंय. लाईट तर अशी येती-जाती. मी जेवाय गेलो की येती, आलो की जाती. मोटारीला ऑटो टाकू का?"

आमच्याकडं शेती असलेल्या कुणालाही ऑटो म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. शेतीची लाईट कधी येईल त्याचा भरवसा नसतो, म्हणून स्टार्टरला एक छोटी डबी लावतात. लाईट आली की ती थोडा वेळ थांबते आणि आपण घरी असलो तरी मोटार आपोआप सुरू करते. ज्याच्या स्टार्टरला ऑटो नाही असं रान आमच्या भागात शोधून सापडायचं नाही. माझ्या स्वतःच्या रानात आहे. भिंतीला खिळा असावा तसा तो स्टार्टरला असतो, बघूनही दिसत नाही.

मी फोनवर हात ठेवला आणि म्हटलं, "टाका की अण्णा! त्यात काय इचारायचं? माझ्याबी रानात हाय."

एवढंच बोललो. त्या वेळी माझ्यातला शेतकरी बोलला. जनरेटरवाला फोनवर दुसऱ्याशी बोलत होता.

आठवड्याभरानं मी पाटणच्या पुढं, कोयनेच्या अंगाला एका कामावर गेलो होतो. दुपारचे चार वाजले असतील. त्या भागात फोनला रेंज धड नसते. एका वळणावर ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर दोन काड्या यायच्या. तिथं पोचलो आणि फोन वाजला. डॉक्टर होता.

"जाधव, तुमचा जनरेटर बंद पडतोय."

इतके दिवस मी 'जाधवसाहेब' होतो.

तिकडं वळवाचं वारं सुटून लाईट गेली होती. जनरेटर सुरू झाला, दिवे आले, आणि थोड्या वेळानं गुरगुरून स्विच पडला. त्यांनी दोनदा चढवला, दोनदा पडला. आत वॉर्मरवर तीन मुलं होती. त्यातली एक मुलगी दीड किलोचीही नव्हती.

"मोठा घ्यायचा होता मला," डॉक्टर म्हणाला. "तुम्ही तीसवर अडून बसलात. आता ह्या पोरीच्या आईला मी काय सांगू?"

मागून एका बाईचा आवाज येत होता. "बेग बेग या! पोलकं सोडा, छातीला धरा तिला!" ती सिस्टर महादेवी. सीमेवरची, घाईत अर्धं कन्नड बोलणारी. तिनं मुलांच्या आयांना आत बोलावून मुलं त्यांच्या उघड्या छातीशी धरायला दिली होती आणि वरून गोधड्या टाकत होती.

"डॉक्टर, जनरेटरपाशी कुणाला तरी फोन द्या," मी म्हटलं.

"अण्णा, घ्या. बोला ह्यांच्याशी. मला आत जाऊ द्या."

अण्णांचा श्वास ऐकू आला. "बोला साहेब."

मी त्यांना एसीचा स्विच पाडायला सांगितला. मग भांड्याचा. मग वरच्या मजल्याचा. मनातल्या मनात मी बेरीज करत होतो आणि बेरीज दर वेळी माझ्या बाजूनं येत होती. उरलेलं ओझं दहा केव्हीएचंसुद्धा नव्हतं. तीसच्या जनरेटरला ते कळणारही नाही.

"आता मोठा स्विच वर करा, अण्णा. फोन तसाच धरा, मला आवाज ऐकू द्या."

इंजिनाचा आवाज फोनमधून येत होता, निवांत, एकसारखा. दिवे आले, असं अण्णा म्हणाले. मी मोजायला लागलो. पाच. दहा. पंधरा. मला वाटलं, सुटलो. एकोणीस. वीस. आणि इंजिन हंबरल्यासारखं झालं, आवाज खाली खाली बसला, मग एकदम मोकळा झाला.

"पडला, साहेब!"

"परत चढवा."

परत वीस. परत तेच. आणि रेंज गेली. मी कठड्यावर चढून फोन डोक्यावर धरला. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांतली माणसं माझ्याकडं बघून हसत होती. मला रडू येत होतं, हे लिहायला लाज कशाला वाटू द्यायची? आपला आकडा चुकला आणि एक लेकरू गार पडतंय. मोठा सांगितला असता तर काय बिघडलं असतं? रडला असता जनरेटर, गळलं असतं तेल. तेल गळलेलं पुसता येतं.

पण तो वीसचा आकडा डोकं सोडेना. ओझं जास्त असतं तर स्विच लगेच पडला असता. वीस सेकंद वाट बघून येणारं असं तिथं काय होतं?

फोन लागला. "अण्णा, शेवटचं. स्विच चढवा आणि मागच्या भिंतीकडं चार पावलं जा. बोलू नका." का तसं सांगितलं, मला अजून सांगता येत नाही.

इंजिन. अण्णांच्या वहाणा. अठरा, एकोणीस...

खट्ट!

आणि लगेच ते हंबरणं.

ती खट्ट मी ओळखीन नाही तर कोण ओळखेल? जन्मभर रानातल्या खोपीत अंगावर घोंगडं घेऊन तिचीच वाट बघितली. लाईट येते, ऑटो दम खातो, स्टार्टर खट्ट करतो आणि पाणी पडायला लागतं. जनरेटरची लाईट आणि तारेवरची लाईट ह्यात त्या डबीला काय फरक? तीन फेज आल्या, की ती आपलं काम करणार. दहा हॉर्सपॉवरची मोटार माझ्या तीसच्या जनरेटरवर दर वेळी उडी घेत होती.

"अण्णा, मोटारीला ऑटो हाय?"

"व्हय, साहेब. गेल्या आठवड्यात टाकला न्हवं का."

'तुमाला इचारून' असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले नाहीत हे मला त्या गडबडीतही कळलं.

"आधी स्टार्टरचा खटका पाडा. मग जनरेटरचा स्विच चढवा."

किल्ली कुलपात फिरल्याचा आवाज आला. वीस झाले, तीस झाले, शंभर झाले. इंजिन निवांत चाललं होतं. मी मोरीवर बसलो आणि उठायचं विसरलो.

संध्याकाळी डॉक्टरचा फोन आला. दोन मुलं ठीक होती. ती सर्वांत लहान गार पडली होती, सकाळपर्यंत काही सांगता येणार नव्हतं. मी त्या रात्री झोपलो नाही. पहाटेची एसटी धरली आणि दहाच्या सुमाराला दवाखान्यात पोचलो. दारात सिस्टर महादेवी दिसली. तिनं माझं तोंड बघितलं आणि मी विचारायच्या आधीच म्हणाली, "हाय, हाय. दूध ओढलं तिनं."

डॉक्टरच्या खोलीत अण्णा उभे होते. डॉक्टरनं रात्र जागून काढली होती, डोळे लाल झाले होते. त्यानं मला विचारलं, "ऑटो टाकायला कुणी सांगितलं होतं?"

मी तोंड उघडलं.

"कोन सांगनार?" अण्णाच बोलले. "मीच टाकला. कुनाला इचारलं न्हाई."

आणि मी तोंड मिटलं. का मिटलं? भ्यालो, दुसरं काही नाही. 'जाधवांनी सांगितलं' हे तालुक्यात पसरलं असतं. माझा आकडा बरोबर होता, हे सिद्ध झालं होतं. ते मला हवं होतं, आणि तेवढंच हवं होतं.

डॉक्टर वडिलांवर असा ओरडला की बाहेरच्या बाळंतिणी गप्प झाल्या. "हजारदा सांगितलंय, इथं कशाला हात लावू नका! हे तुमचं रान नाही!" त्यानं हात पुढं केला. अण्णांनी बंडीचं बटण काढलं, खिशातून किल्ली काढली आणि मुलाच्या हातावर ठेवली. डॉक्टरनं ती खणात टाकली.

त्याच दिवशी मी स्वतः उभं राहून मोटारीची वायर जनरेटरच्या वाटेतून काढून घेतली. तीसचा जनरेटर पुढं आठ वर्षं चालला, एकदाही पडला नाही. लोक म्हणायचे, "जाधवांचा आकडा." निवृत्त होईपर्यंत दर उन्हाळ्यात मी तपासणीला जायचो. अण्णा दाराबाहेरच्या बाकावर बसलेले असायचे. पाणी आता वॉचमन सोडायचा. "या साहेब, पानी घ्या," ते म्हणायचे. मांडीवर रिकामे हात ठेवून बसलेले. चाळीस वर्षं ज्या माणसाचे हात रिकामे नव्हते, त्याचे. दर वर्षी ठरवून जायचो की आज डॉक्टरला सांगायचं. दर वर्षी चहा पिऊन परत यायचो.

मागच्या महिन्यात डॉक्टरचा फोन आला. शेजारी नवी इमारत होतेय, वॉर्मर चाराचे बारा होणार. "तुम्ही निवृत्त झालात, माहीत आहे. पण अण्णा हट्टाला पेटलेत. म्हणतात, माप जाधवसाहेबांनीच काढायचं, न्हाई तर जनरेटर आणू नका."

बायको म्हणाली, "नगा जाऊ. परत झोप उडंल तुमची." मी म्हटलं, "आठ वर्षं कुठं लागलीय?"

गेलो. त्याच खोलीत बसलो. अण्णा आता चौऱ्याऐंशीचे, काठी टेकत आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. डॉक्टरनं नकाशा पसरला. "सांगा, किती केव्हीए?"

मी कागद बाजूला सारला. "डॉक्टर, आधी एक ऐका. त्या वेळी अण्णांनी मला विचारलं होतं. ऑटो टाकू का, म्हणून. मी टाका म्हणालो होतो. चूक माझी होती."

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिला, मग वडिलांकडं. पण पहिले बोलले ते अण्णा, आणि तेही चिडून.

"आवं, कशाला सांगितलंसा? आठ वर्सं सांबाळलं न्हवं मी!"

"तुम्हाला आठवत होतं?" डॉक्टरनं विचारलं.

"न आठवाया काय झालं? च्याचा कप हातात व्हता त्यांच्या." अण्णांनी काठी आपटली. "तवा सांगितलं असतं तर तू त्यांच्यावरचा इस्वास काढला असतास. दुसऱ्या कुनाचा तरी ढोल जनरेटर आनला असतास, न मापता. पोरं माज्या किल्लीवर जगत्यात व्हय रं? ती मापावर जगत्यात. मी काय, म्हातारा मानूस. बाकावर बसलो."

डॉक्टर उठला. "आठ वर्षं मी ह्यांना..." एवढं बोलून थांबला. टेबलाचा खण ओढला, खाली हात घालून बराच वेळ चाचपलं, आणि किल्ली काढून अण्णांच्या पुढ्यात ठेवली. तिच्यावर गंज चढला होता.

अण्णांनी ती उलटीसुलटी करून बघितली. "आता हिचं काय करू? पेटी काढून टाकली की तुमी. मोटार मोबाईलवर चालू हुती आता."

ते खरंच होतं. मागच्या भिंतीवर पेटीच्या जागी चार भोकं राहिली होती, ती मी येतानाच बघितली होती. डॉक्टर चष्मा पुसत होता.

मी माझी यादी पुढं ओढली. तीस-पस्तीस वर्षं त्या यादीत पहिला रकाना दिव्यांचा असायचा. पेन काढलं, खुर्ची डॉक्टरकडून फिरवली आणि अण्णांसमोर आणली.

"अण्णा, पाण्याचं सांगा. नव्या इमारतीला पाणी किती लागंल, मोटार कवा चालू हुईल, आन् कुणी ऑटो टाकू का इचारलं तर काय सांगायचं. तुमी सांगाल तसं पहिलं लिवतो, मग बाकीचं."

अण्णांनी गंजलेली किल्ली बंडीच्या खिशात टाकली, वरचं बटण लावलं आणि खुर्चीत ताठ बसले.

"लिवा," ते म्हणाले.